मागच्या खांबाची बोली

आवाज विकून मी छत्तीस वर्षं पोट भरलं. सांगलीच्या बाजारात हळदीचे सौदे निघायचे, तेव्हा एकेका ढिगापाशी उभं राहून बोली पुकारायची हे माझं काम. माल माझा नाही, पैसा माझा नाही, घेणारा-देणारा कुणीच माझा नाही. माझा फक्त गळा. बायको म्हणायची, "बाजारात एवढं ओरडता, घरात मेलं एक वाक्य धड बोलत नाही." खरं होतं. संध्याकाळी गळ्यात काही शिल्लकच राहायचं नाही.

बाहेरच्याला वाटतं, लिलाव म्हणजे ओरडणं. ओरडणं शेवटी. आधी बघणं. एका शेतकऱ्याच्या मालाचा जो ढीग, त्याला आमच्याकडे वक्कल म्हणतात. वक्कलभोवती पंधरा-वीस खरेदीदार उभे असतात. कुणी हळकुंड मोडून आतला रंग बघतो, कुणी वास घेतो, कुणी नुसताच आढ्याकडे बघत उभा असतो आणि बहुतेक वेळा तोच खरा गिऱ्हाईक निघतो. तोंडानं बोली फार थोडे देतात. एक जण भुवई उचलायचा, एक जण कानावरची पेन्सिल काढायचा. मिरजेचे एक वयस्क व्यापारी होते, त्यांना दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं. ते माझ्या ओठांकडे बघून बोली द्यायचे. एकदा दाढदुखीनं मी गालाला रुमाल बांधून पुकारत होतो, तर "आज हा मला फसवतोय" म्हणून ते रागानं निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पेढीवर जाऊन सुजलेला गाल दाखवला, तेव्हा कुठं समजूत पटली.

त्यांचा संशय अगदीच वावगा नव्हता. फसवायची विद्या आमच्या धंद्यात होतीच. दोघं चढाओढीनं बोलतायत, एकानं माघार घेतली, दुसऱ्याच्या डोळ्यांत अजून भूक दिसतेय, अशा वेळी पुकारणारा मागं नजर टाकून म्हणतो, "मागून पाच वाढले!" मागं कुणी नसतं. मागं असतो पत्र्याच्या छपराचा खांब. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते मामा याला "खांब बोलला" म्हणायचे. त्यांचा नियम होता, की खांबाला एकदाच बोलू द्यायचं, दुसऱ्यांदा नाही. समोरच्यानं हात आखडला तर माल खांबाच्या गळ्यात पडतो आणि खांब काही पैसे देत नाही.

तो नियम मी एकदा मोडला. हळदीच्या ढिगावर मोडला असता तर इथं लिहायला बसलो नसतो.

बहात्तरचा पाऊस आलाच नाही. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात माण-खटावकडची माणसं खडी फोडायला जात होती आणि जनावरं मिळेल त्या भावानं विकत होती. आमच्या बाजारातल्या काही व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून रहिमतपूरच्या अलीकडं एका गावाशेजारी जनावरांची छावणी उभी केली. छावणी चालवणाऱ्या समितीचे चेअरमन गुळाचे व्यापारी होते. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. एप्रिलपर्यंत वर्गणी संपली. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, की मोठ्या घरांतून वस्तू देणगी मागायच्या आणि साताऱ्यात त्यांचा लिलाव करायचा. पुकारायला अण्णांनी मला नेलं.

लिलाव एका शाळेच्या हॉलमध्ये होता, दुपारी चारला. वस्तू तऱ्हेतऱ्हेच्या होत्या. चांदीचा पानडबा, कुणा निवृत्त कर्नलची दुर्बीण, मिरजेची सतार, वाईच्या एका घरातल्या दोन मोठ्या समया. यादीत सगळ्यात शेवटी टाइप केलं होतं: "एक तैलचित्र, अतिवास्तववादी. नाव, रजा. चित्रकार, सोपान विरकर, मुंबई." हा विरकर मूळचा दहिवडीकडचा, मुंबईत एका कापड गिरणीत साड्यांच्या काठांची डिझाइनं काढायचा. गावाकडच्या दुष्काळासाठी म्हणून त्यानं ते चित्र पार्सलनं पाठवलं होतं.

मी शाळेच्या चित्रकला शिक्षकांना विचारलं, "अतिवास्तववादी म्हणजे हो काय?"

ते म्हणाले, "स्वप्नात कसं, सगळ्या वस्तू ओळखीच्या असतात पण भलत्या जागी असतात? तसं जागेपणी काढायचं."

चित्र अडीच हात उंच होतं. नांगरलेलं कोरडं रान, पार क्षितिजापर्यंत. मधोमध दाराची नुसती चौकट, भिंत नाही, घर नाही. त्या चौकटीत लष्करी गणवेश उभा. शर्ट, पँट, नाड्या बांधलेले बूट आणि वर टोपी. आत माणूस नाही. टोपी आणि कॉलर यांच्यामध्ये मागचं रान दिसत होतं. बाह्यांतून हातांऐवजी ज्वारीची कणसं बाहेर आलेली. आणि आभाळात, सूर्य असतो त्या जागी, एक विहीर उलटी टांगलेली. काठोकाठ पाणी, पण एक थेंब खाली पडत नव्हता. मला त्यातलं कळलं काहीच नाही. पण त्या पाण्याकडे बघून घशाला कोरड पडली एवढं आठवतंय.

लिलाव सुरू व्हायच्या आधी अण्णांनी मला बाजूला घेतलं. विजापूरकडून कडब्याच्या दोन गाड्या येऊन छावणीजवळ थांबल्या होत्या. उद्या दुपारपर्यंत रोख दिली नाही तर गाडीवाले माल दुसरीकडं टाकणार होते. "काय करायचं ते कर," अण्णा म्हणाले, "पण आकडा गाठ."

सतार बऱ्यापैकी गेली, दुर्बीण गेली. समया मात्र कुणी घेईनात. शेवटी ज्यांनी दिल्या होत्या त्यांनीच लाजेखातर परत घेतल्या. साडेपाच झाले, लोक घड्याळं बघायला लागले आणि आकडा बराच लांब होता. चित्र टेबलावर ठेवलं तेव्हा हॉलमध्ये कुजबुज झाली, कुणीतरी हसलं. लोक हसले की त्यांचे हात सैल होतात, हा माझा अनुभव. म्हणून मीही हसवायला गेलो.

"मंडळी, रजा मिळाल्याच्या आनंदात साहेब एवढ्या घाईनं घरी गेले, की कपडे इथंच विसरले! बोला, कपड्यांचे किती?"

हॉल खो खो हसला. पहिल्या रांगेत समितीनं छावणीचे चार शेतकरी आणून बसवले होते, पैसा कुणासाठी जातोय ते देणाऱ्यांना दिसावं म्हणून. त्यांतले तिघं हसले. चौथा हसला नाही. साठीचा, पांढऱ्या मिश्या, डोक्याला फेटा, पाठ एकदम सरळ. तो चित्राकडे बघत होता.

दोनशेपासून सुरुवात केली. पुण्याचे एक डॉक्टर सतारीसाठी आले होते, त्यांनी अडीचशे म्हटलं. कुणी तीनशे म्हटलं. आता थांबणार असं वाटत असताना पहिल्या रांगेतून आवाज आला, "साडेतीनशे."

तो फेटेवाला.

मला वाटलं चुकून बोलला. शेजाऱ्यानंही त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. डॉक्टर चारशे म्हणाले. हा म्हणाला, "साडेचार." डॉक्टरांना चित्र मनापासून आवडलं होतं, ते खुर्चीत पुढं सरकून बसले होते. पाचशे, साडेपाचशे, सहाशे. गडी दर वेळी पन्नासनंच चढत होता आणि एकदाही डॉक्टरांकडे बघत नव्हता. नऊशे म्हणून डॉक्टरांनी पत्नीकडे पाहिलं, हसून मान हलवली आणि हात खाली घेतला.

"साडेनऊशे," फेटेवाला म्हणाला.

तिथं मी "एक वार, दोन वार, तीन वार" म्हणून मोकळं व्हायला हवं होतं. साडेनऊशे म्हणजे त्या दिवशीची सगळ्यात मोठी बोली. पण माझ्या डोक्यात कडब्याच्या गाड्या होत्या. आणि खरं सांगायचं तर दुसरंही होतं. इतक्या वर्षांच्या सवयीनं मला त्याच्या डोळ्यांत भूक दिसत होती. कशाची आहे ते मी विचारलं नाही. आमच्या धंद्यात विचारायचं नसतं. डॉक्टरशी ईर्ष्या आली असेल गड्याला, असं मी धरून चाललो.

मी हॉलच्या मागच्या दाराकडे बघितलं आणि म्हणालो, "मागून हजार!"

तो लगेच म्हणाला, "हजार पन्नास."

मामांचा नियम मला आठवला होता. आठवत असताना मी म्हणालो, "मागून अकराशे!"

आणि तो थांबला.

तेवढ्यात डॉक्टर खुर्चीत वळून मागं बघायला लागले. मागच्या दारात चहाची किटली घेतलेला एक माणूस आणि शाळेचा शिपाई, बस्स. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. अण्णांनी मान खाली घातली. ते व्यापारी, त्यांना पहिल्याच वेळी कळलं होतं. "अकराशे, एक वार," मी म्हणालो. आवाज कसा राहिला देव जाणे. फेटेवाला मांडीवर बोटं मोजत होता. "अकराशे, दोन वार." तिसरा वार मी म्हणू शकत नव्हतो. तो म्हटला असता तर चित्र खांबाचं झालं असतं, साडेनऊशेही गेले असते आणि भर सभेत माझं बिंग फुटलं असतं. मी पाण्याचा पेला उचलला, ठेवला, परत उचलला.

तो उभा राहिला. "रोख हजार पन्नासच हायत. पोस्टात. वर माजी बैलजोडी धरा."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. दुष्काळात विकायची नाहीत म्हणून जी जनावरं माणसांनी पोटाला चिमटा काढून छावणीत जगवली होती, त्यातली ती जोडी. आमच्या वर्गणीतून जगलेली. अण्णांनी माझ्याकडे बघून सावकाश मान हलवली. हो म्हण, या अर्थानं.

"एक वार, दोन वार, तीन वार," मी एका श्वासात म्हणालो.

पावती करायला तो टेबलाशी आला. हणमंत फडतरे, फौजेतला पेन्शनर नाईक, छावणीशेजारच्याच गावचा. सही करताना त्यानं मलाच विचारलं, "मागं बसलेलं त्ये सायेब कोन हुतं?"

"गेले ते," मी म्हणालो.

"भेटायचं हुतं. त्यास्नी बी लय आवाडल्यालं दिसतंय."

मी विषय बदलायला म्हणून विचारलं, "तुम्हाला कशाला हवं होतं हो हे?"

त्यानं पेन खाली ठेवलं. "ह्यो माजा पोरगा हाय. रामू."

मी चित्राकडे बघितलं. चेहरा नाही, हात नाहीत.

"उजवा खांदा बगा, वर हाय. धाकटेपनी चिंचंवरनं पडला, तवापास्नं तसाच उबा ऱ्हायाचा. फौजेत बी वरडून वरडून दमली, खांदा काय खाली आला न्हाई. आन् खाली सोपानचं नाव हाय. दोगं साताऱ्याला बोर्डिंगात एका खोलीत हुती."

रामू एकाहत्तरच्या लढाईत पश्चिमेच्या सरहद्दीवर होता. बेपत्ता असल्याचं पत्र आलं. पुढं तिकडचे कैदी सुटून परत आले, त्यांत तो नव्हता. फडतऱ्यांनी हे सगळं दोन-तीन वाक्यांत सांगितलं, फौजी माणूस सांगतो तसं. मग म्हणाले, "घरात मालकीन अजून वाट बगती. दिवस घालू द्येत न्हाई. तिला ह्ये दिसता कामा न्हाई. पोत्यात गुंडाळून आना, मी उद्या नऊला येष्टीच्या थांब्याव हाय. परस्पर दोस्ताच्या खोपीत ठिवतो."

"मग घेतलंत कशाला?"

"आसं लोकाच्यात कसं सोडू त्येला? हसत हुती की सगळी."

हसवलं कुणी होतं, ते त्यांनी म्हटलं नाही. त्या रात्री साताऱ्यात मुक्कामाला होतो, अण्णांना म्हणालो, "मागं कुणी नव्हतं." अण्णा म्हणाले, "मला ठाऊक आहे. गाडीवाल्यांना शब्द दिलाय मी. दोनशे जनावरं बघायची का एक माणूस, तूच सांग." मी म्हणालो, चित्र पोचवायला आणि बैल आणायला उद्या मीच जातो.

दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन नऊच्या आधी थांब्यावर पोचलो. फडतरे नव्हते. पैसे काढायला पहिल्या गाडीनं रहिमतपूरला गेले, ते तिकडंच अडकले होते. थांब्याच्या लिंबाखाली एक बाई बसली होती. टेम्पो बघून उठली.

"छावनीचा टेंपो न्हवं? मी फडतऱ्याची मालकीन. काय आनलंय त्ये घरी चला घिऊन."

"मालकांना येऊ द्या, मावशी."

"बैलं देऊन माज्या मालकानं फोटू घेतला, ह्ये समद्या गावाला काल रातीच कळलंय. मलाच तेवडं कळू न्हाई व्हय?"

मी टेम्पोचं दार उघडलं. टेम्पोत बसून ती आम्हाला घरी घेऊन गेली. मी मनात एकच विचार करत होतो, की फडतरे मागून येतील, आता येतील. मागं रस्त्यावर नुसती धूळ होती.

घरी तिनं पोतं भिंतीला टेकवायला लावलं आणि सुतळी सोडायला बसली. मी म्हणालो, "मावशी, थांबा जरा." तिनं ऐकलं नाही. गाठ सुटेना तेव्हा विळा आणून कापली.

पोतं खाली पडलं. ती जमिनीवर बसून बघत राहिली. मी दारात उभा. हिला भोवळ आली तर पाणी कुठं आहे, म्हणून डोळ्यांनी माठ शोधून ठेवला. तिनं आधी बूट बघितले, मग बाह्या. कणसांवरनं बोट फिरवलं. मग वर टोपीपाशी नजर गेली, तिथं बराच वेळ थांबली. खांद्याकडे तिला बघावंच लागलं नाही, ते तिनं पोतं पडता क्षणीच बघितलं असणार.

"ह्यानं उबा का केलाय त्येला?" ती म्हणाली. "दारात उबा. आत घ्याचं न्हाई, बसाया काय द्याचं न्हाई. किती येळ उबं ऱ्हायाचं लेकरानं?"

पदरानं तिनं चित्रावरची धूळ पुसली. त्याच पदरानं तोंड पुसलं. मला वाटतं तिला सगळं कधीच ठाऊक होतं. कधीपासून, ते मी कोण विचारणार?

फडतरे आले ते धावत आले असावेत. दारात माझ्या मागं त्यांचा श्वास ऐकू आला. त्यांनी चित्र बघितलं, बायकोला बघितलं आणि उंबऱ्यावरच थबकले.

ती मागं न बघता म्हणाली, "आवं, आत या की. आनलंसा त्ये बरं केलंसा."

मी तिथून बाजूला झालो. गोठ्यापाशी जाऊन उभा राहिलो. आम्ही न्यायची म्हणून जोडी छावणीतून तिथं आणून बांधली होती. बऱ्याच वेळानं फडतरे आले आणि बैलांचे कासरे सोडायला लागले. खिलार जोडी, बरगड्या दिसत होत्या पण देखणी.

"नाईकसाहेब," मी म्हणालो, "बैल राहू द्या. पैसेही साडेनऊशेच द्या. मागं कुणी साहेब नव्हते. मी खोटी बोली पुकारली."

त्यांचा हात कासऱ्यावर थांबला. "दोनी येळा?"

"दोन्ही वेळा."

मला वाटलं आता हाणतात. हाणलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी कासरा माझ्या हातात दिला.

"तुमची बोली खोटी आसंल. माजी खरी हुती. चार मानसात बोललोय."

मी पुष्कळ विनवलं. त्यांनी ऐकलं नाही. बैल स्वतः टेम्पोत चढवले, खाली पाचट घातलं, एकाच्या पाठीवरून हात फिरवला. पोस्टाचे पैसे मोजून दिले. मी ड्रायव्हरशेजारी बसलो. टेम्पो सुरू झाला, तेव्हा ते खिडकीशी आले आणि आत वाकून हळूच म्हणाले,

"म्हंजे माज्याबिगर कुनालाच नको हुता व्हय तो?"

मी म्हणालो, "डॉक्टरांना हवा होता."

"नऊशेपतूर."

"हो."

"नऊशेपतूर," ते म्हणाले आणि मागं सरले.

कबूल केलं म्हणजे मन हलकं होतं, असं लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या दिवशी माझं काय हलकं झालं असेल ते असो, पण त्या माणसाकडे आदल्या संध्याकाळपासून एक चांगली गोष्ट होती, की कुणी एक परका साहेब आपल्या मुलासाठी आपल्याइतकाच हटून बसला होता. ती मी त्याच्याकडून काढून घेतली. सांगायला हवं होतं का नको, याचा निकाल मला आजही लावता येत नाही.

बैल समितीनं विकले. पुकारायला मला सांगितलं, मी नाही म्हणालो. अण्णा चिडले, मग त्यांनीच दुसरा माणूस बघितला. जोडी कवडीमोलानं गेली. गाड्यांतला कडबा मात्र वेळेवर उतरला आणि जनावरं जगली, हेही लिहायला हवं. पाऊस आला, छावणी उठली.

पुढं पाच-सहा वर्षांनी मुंबईहून एक बाई मला शोधत सांगलीच्या बाजारात आल्या. पन्नाशीच्या, खादीची साडी, हातात समितीच्या जुन्या पावतीची नक्कल. सोपान विरकर आता गिरणी सोडून नावाजलेला चित्रकार झाला होता. बाई चित्रांची खरेदी-विक्री करायच्या, आणि त्याचं पहिलं महत्त्वाचं चित्र "रजा" हेच, असं त्यांचं म्हणणं होतं. ते कुणाकडे आहे? विकतील का?

मी त्यांना घेऊन गेलो. फडतरे म्हातारे झाले होते, पाठ मात्र तशीच. चित्र आतल्या खोलीत टांगलेलं होतं. बाई त्याच्यापुढं उभ्या राहिल्या, वाकून खालची सही बघितली. मग म्हणाल्या, "मी पाच हजार देईन."

फडतऱ्यांनी मला खुणेनं अंगणात बोलावलं.

"ह्या बाई खऱ्या हायत न्हवं?"

"खऱ्या आहेत."

"तुमी आगुदर काय शिकवून आनलं न्हाई न्हवं?"

"नाही नाईकसाहेब. मी यांना परवाच पहिल्यांदा बघितलं."

ते आत जाऊन बसले. चुलीकडे बघून हाक मारली, "आगं, हिकडं ये." मावशी पिठाचे हात तसेच घेऊन दारात आल्या. फडतरे बाईंना म्हणाले, "आता म्हना पुन्यांदा."

"पाच हजार," बाई म्हणाल्या.

फडतऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. "गप का बसलासा? पुकारा की."

मला आधी थट्टा वाटली. पण ते खुर्चीत ताठ बसले होते, त्या हॉलमधल्यासारखेच. मी उभा राहिलो. "पाच हजार, एक वार," म्हणालो. माझा आवाज त्या लहान खोलीत फार मोठा वाटला. बाई चाणाक्ष होत्या, त्यांना वाटलं भाव वाढवून मागतायत. "सहा," त्या म्हणाल्या. "सहा हजार, एक वार." मावशी बोटांवरचं पीठ खरवडायचं विसरल्या होत्या. "आठ." फडतरे प्रत्येक आकड्याला मान हलवत होते, कुणी ख्यालीखुशाली सांगावी आणि आपण ऐकावी तसे. शेवटी बाई घसा साफ करून म्हणाल्या, "दहा हजार. याच्यावर मला जमणार नाही."

"दहा हजार, एक वार," मी म्हणालो. "दहा हजार, दोन वार."

फडतऱ्यांनी हात वर केला. बायकोकडे बघितलं. "आयकलंस?"

"आयकलं," मावशी म्हणाल्या.

"न्हाई द्यायचा," फडतरे बाईंना म्हणाले. "वाईट वाटून घिऊ नगासा. तुमी लांबनं आलासा, त्येच्यासाठनं आलासा, लय बरं वाटलं."

बाईंनी पर्स उघडली होती ती मिटली. मावशी वळून चुलीकडे जाता जाता म्हणाल्या, "आता जेवूनच जावा बाई. तव्यावर भाकरी हाय."